डिस्क कुठवर पोचली?

नवी हार्ड डिस्क बसवून कॉम्प्युटर सुरू केला आणि ती कुठंच दिसली नाही, की माणूस पहिला निष्कर्ष काढतो तो 'डिस्क खराब निघाली' हाच. दुकानदार डिस्क बदलून देतो. बदललेलीही दिसत नाही. मग संशय मदरबोर्डवर जातो, त्याच्यानंतर एसएमपीएसवर, आणि तिथून पुढं खर्चाला धरबंध राहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्या कुणाही जुन्या कारागिराला विचारा. 'डेड' म्हणून परत आलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्याबरोबर सुरळीत चालू झाल्याचा अनुभव त्याला नवा नसतो. ती डिस्क आधीही चालतच होती. ती कुठं अडली आहे हे कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

हे पुस्तक त्या पाहण्याविषयी आहे. 'दादा, कालच आणलीय, डिस्क दिसतच नाहीये,' या तक्रारीवर काउंटरपलीकडून आधी एक प्रश्न यायला हवा: 'कुठं दिसत नाहीये? बायोसमध्ये, का विंडोजमध्ये?' गिऱ्हाईक थोडं गोंधळतं, कारण त्याच्या लेखी दिसण्याची जागा एकच असते. 'धिस पीसी' उघडलं की सी आणि डी यांच्या शेजारी ई दिसायला हवा होता, तो दिसला नाही. पण ही यादी म्हणजे सगळ्यात शेवटचा मुक्काम. तिथं पोचण्याआधी डिस्कला बरेच टप्पे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर अडण्याची कारणं वेगळी, उपाय वेगळे. एका टप्प्याचा उपाय दुसऱ्या टप्प्यावर केला तर वेळ वाया जातो. काही वेळा डेटाही जातो. माझा सगळा आग्रह एवढाच आहे की स्क्रू-ड्रायव्हर किंवा माउस हातात घेण्याआधी डिस्क कुठवर पोचली ते ठरवावं.

त्यासाठी वीज मिळाल्यापासून डिस्क काय काय करते ते जरा सावकाश पाहू. चकत्यांची हार्ड डिस्क असेल तर आधी मोटर वेग घेते, मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्यांपर्यंत. याला काही सेकंद लागतात. कॅबिनेट उघडं असेल तर डिस्कच्या कडेला बोटाचं टोक टेकवून ही थरथर सहज कळते. वेग आला की हेड आपल्या बाजूच्या उतारावरून चकतीवर सरकतात. त्याचा एक बारीक, कोरडा आवाज येतो. चकतीवर काही राखीव मार्गिका असतात. तुमच्या-आमच्या फायली तिथं कधीच जात नाहीत. डिस्कच्या स्वतःच्या प्रोग्रामचा मोठा भाग तिथं लिहिलेला असतो. हेड तो वाचून घेतात आणि मगच डिस्क कामाला तयार होते. आता मदरबोर्ड तिला ओळख विचारतो. डिस्क 512 बाइटांचं उत्तर पाठवते आणि त्यात मॉडेलचं नाव, सिरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि एकूण सेक्टर किती हे सगळं येतं. बायोसच्या पडद्यावर जे नाव उमटतं ते या उत्तरातलं.

या एका ओळीची किंमत फार मोठी आहे. बायोसमध्ये डिस्कचं नाव बरोबर आलं आणि क्षमताही बरोबर दिसली, तर वीज पोचली आहे, केबल ठीक आहे, पोर्ट चालू आहे, डिस्कवरचं सर्किट शाबूत आहे, मोटर फिरली आहे आणि हेडनी चकतीवरचं वाचलंही आहे. एवढ्या सगळ्यांची साक्ष त्या ओळीत असते. त्यानंतर केबल बदलण्यात सहसा अर्थ नाही, दुकानात जाण्यात तर नाहीच. अडचण पुढं आहे, विंडोजमध्ये किंवा लिनक्समध्ये, आणि ती बहुधा फुकटात सुटते. उलट, कधी कधी मॉडेलच्या जागी कारखान्यातलं एखादं सांकेतिक नाव येतं, किंवा नाव येतं पण क्षमता शून्य दिसते. म्हणजे सर्किट बोलतंय, पण चकतीवरच्या राखीव मार्गिका वाचता आलेल्या नाहीत. डिस्क आतून आजारी आहे हे ठरवायला एवढं पुरेसं आहे, आणि तिच्यात महत्त्वाचा डेटा असेल तर वीज तिथंच बंद करावी.

बायोसमध्ये काहीच दिसत नसेल, तर काम हाताचं. साटाच्या डिस्कला दोन जोडण्या असतात, 7 पिनांची डेटाची आणि 15 पिनांची विजेची, दोन्हींची खाच इंग्रजी एलच्या आकाराची. डेटाची केबल अर्धवट बसली तरी वरून बसल्यासारखी दिसते. धातूची पट्टी असलेली केबल असेल तर खट् आवाज येईपर्यंत दाबावी; पट्टी नसेल तर बोटानं हलवून बघावी. केबलची कमाल लांबी 1 मीटर. ती फार दुमडून कोंबलेली असेल तर आतल्या बारीक तारा दुखावतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. केबलवर संशय असेल आणि डिस्क अधूनमधून दिसत असेल, तर तिच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी, म्हणजे स्मार्टचा तक्ता, उघडून 199 क्रमांकाची ओळ पाहावी. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या वाटेवर किती वेळा डेटा बिघडून पोचला त्याची ती मोजणी आहे. तिथला आकडा वाढता असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा जोडणीचा असतो, चकतीचा नव्हे. कितीतरी चांगल्या डिस्क या एका ओळीकडे न बघितल्यामुळं टाकून दिल्या जातात.

विजेचा भाग मला जास्त काळजीचा वाटतो, कारण इथं चूक झाली तर नवी कोरी डिस्क खरोखर जळते. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट मोटरसाठी आणि 5 व्होल्ट सर्किटसाठी लागतात. अडीच इंची डिस्क 5 व्होल्टवर भागवते. हल्ली बऱ्याच एसएमपीएसच्या केबली सुट्या मिळतात आणि दोन्ही टोकांनी निघतात. डिस्ककडचं टोक सगळीकडं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती तार कुठं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला व्यवस्थित बसते, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊ शकतात. म्हणून ज्या खोक्यातून एसएमपीएस आला त्याच खोक्यातली केबल वापरावी, याला अपवाद नाही. जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करून देणारे स्वस्त अडॅप्टर मिळतात. त्यांतले ओतीव प्लास्टिकचे वितळून पेटल्याची उदाहरणं आहेत. अडॅप्टर घ्यावाच लागला तर ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्यावा.

विजेतलाच आणखी एक प्रकार अलीकडचा आहे आणि भल्याभल्यांना चकवतो. साटाच्या वीजजोडणीतल्या पहिल्या तीन पिना मुळात 3.3 व्होल्टसाठी होत्या. फार थोड्या डिस्कनी त्या वापरल्या. 2016 मध्ये आलेल्या साटा 3.3 या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिच्यावर व्होल्टेज असेल तर डिस्कनं बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्कांपैकी एखादी अडकली तर माणूस न पाठवता तिची वीज तोडून परत देता यावी, ही त्यामागची सोय. आता अशी डिस्क जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसला लावली की तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट कायम येत राहतात आणि डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. मोटर फिरत नाही, आवाज नाही, बायोसमध्ये नाव नाही. सगळी लक्षणं मेलेल्या डिस्कची. बाहेरच्या मोठ्या यूएसबी डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क कॅबिनेटमध्ये बसवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची अरुंद पट्टी चिकटवली, किंवा मोलेक्सवरून वीज घेतली (तिच्यात 3.3 व्होल्टची तारच नसते), की डिस्क उठते. हे माहीत नसेल तर माणूस ती परत करतो, दुसरी मागवतो, आणि तीही तशीच निघते.

पोर्टही नेहमी निर्दोष नसतात. 31 जानेवारी 2011 रोजी इंटेलनं आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. त्या चिपसेटच्या सहा साटा पोर्टांपैकी पहिले दोन ठीक होते. उरलेले चार कालांतरानं कमजोर होऊ शकत होते. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीनं सुमारे 70 कोटी डॉलर धरला होता. आजच्या मशीनना हा दोष नाही, पण त्या प्रकरणातून एक सवय घेण्यासारखी आहे: डिस्क दिसली नाही की तीच केबल घेऊन दुसऱ्या पोर्टवर लावून बघायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, पोर्ट आणि वीज तिन्ही एकदम बदलले तर डिस्क दिसेल, पण का दिसली ते कळणार नाही.

एम डॉट टूच्या एसएसडीबद्दल पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे, कारण सध्या सगळ्यात जास्त गोंधळ तिथं आहे. 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब अशी ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी पाटी स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालणार असं वाटतं. पण एकाच आकारात दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. एक साटाची भाषा बोलते, दुसरी एनव्हीएमईची. काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. बसते, स्क्रूही लागतो, आणि दिसत नाही. शिवाय कित्येक मदरबोर्डांवर एम डॉट टूचा स्लॉट आणि एखाद-दोन साटा पोर्ट यांचा आतला रस्ता सामाईक असतो; स्लॉट भरला की ते पोर्ट आपोआप बंद होतात. माणूस नवी एसएसडी बसवतो, ती उत्तम दिसते, आणि वर्षानुवर्षं चालणारी जुनी हार्ड डिस्क गायब होते. तो एसएसडीला दोष देतो. मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत या वाटणीचा एक छोटा तक्ता असतो. पुस्तिका खोक्यात नसेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून तिची प्रत उतरवून घ्यावी आणि खरेदीच्या आधी तो तक्ता वाचावा. या पुस्तकातल्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा तो तक्ता मोलाचा आहे, कारण तो तुमच्या बोर्डचा आहे.

लॅपटॉपवाल्यांची एक वेगळी तक्रार याच प्रकरणात आहे. बायोसमध्ये एसएसडी दिसते, पण पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं की 'कुठं टाकू?' या पडद्यावर यादी रिकामी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनमध्ये एसएसडी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये व्हीएमडी नावाचा एक व्यवस्थापक असतो आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर असेलच असं नाही. लॅपटॉपच्या कंपनीकडून तो ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' म्हणायचं. एवढ्यावर एसएसडी दिसते. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा जवळचा रस्ताही आहे, पण मशीनमध्ये आधीपासून चालू विंडोज असेल तर ते निळ्या पडद्यावर अडकू शकतं. तसंच एएचसीआय, आयडीई आणि रेड या पर्यायांचं. आधी काय होतं त्याचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय त्यांना हात लावू नये. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल उतरला की बायोस मूळ स्थितीला जातं आणि हा पर्याय कुणी न बदलताही बदलतो. काल चालणारं मशीन आज डिस्क ओळखत नाही त्याचं हेही एक कारण.

हा सगळा गुंता कुणी मुद्दाम केलेला नाही. प्रत्येक पिढीनं आपल्या डोळ्यांपुढच्या डिस्कला पुरेल एवढी जागा ठेवली आणि डिस्क त्याहून मोठ्या झाल्या. 1956 च्या आयबीएम 350 मध्ये 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या होत्या आणि त्यांत 50 लाख अक्षरं मावत. 1980 च्या एसटी-506 नं तेवढीच क्षमता सव्वापाच इंचांत आणली. पुढं पीसीच्या बायोसची मोजणी आणि डिस्कच्या जोडणीची मोजणी यांचा मेळ घातला तेव्हा 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर एवढीच सामाईक हद्द उरली. 512 बाइटांनी गुणलं की साधारण 52 कोटी 84 लाख बाइट. त्यापुढची डिस्क लावली तरी तिचा उरलेला भाग दिसत नसे. नंतर 28 बिटांच्या पत्त्यांमुळं 137 जीबीची भिंत आली. 2002 च्या सर्व्हिस पॅक 1 आधीचं विंडोज एक्सपी तिथंच थांबत असे. आणि आजही भेटणारी भिंत 2 टीबीची. एमबीआर या जुन्या पार्टिशन-पद्धतीत सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत लिहितात, म्हणून 512 बाइटांच्या सेक्टरांनी मोजत 2.2 लाख कोटी बाइटांच्या पुढं तिला जाता येत नाही.

या शेवटच्या भिंतीचा सगळ्यात चमत्कारिक परिणाम म्हणजे 746 जीबी. जुन्या ड्रायव्हरच्या मशीनला 3 टीबीची डिस्क लावली की ती कधी कधी नेमकी एवढीच दिसते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ झाले की शून्यापासून पुन्हा मोजू लागे, तसंच इथं होतं: 32 बिट भरतात, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि 3 टीबीतून ती भिंत वजा जाऊन उरलेला शिल्लक भाग तेवढा पडद्यावर येतो. असा आकडा दिसला तर डिस्कवर काहीही लिहू नये. डिस्क पूर्ण आहे. मोजणारा चुकतो आहे. आणि 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते तेव्हा तर कुणीच चुकत नसतं. कंपनी हजारांच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. दुकानात यावरून भांडणं होतात म्हणून इथं लिहून ठेवतो.

आता विंडोजच्या आतला टप्पा. आतली नवी डिस्क कोरी येते. तिच्यावर पार्टिशन नसतं, म्हणून तिला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून 'धिस पीसी'मध्ये ती दिसणार नाही. आणि हे अगदी योग्य आहे. स्टार्टच्या बटनावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं की खालच्या अर्ध्यात ती सापडते: 'नॉट इनिशियलाइज्ड' असा शेरा आणि शेजारी काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' जागा. पार्टिशन पाडलेल्या जागेवर पट्टी निळी असते. कोरी डिस्क असेल तर इनिशियलाइज करा, पार्टिशनची पद्धत म्हणून एमबीआरऐवजी जीपीटी निवडा, पार्टिशन पाडा, फॉरमॅट मारा, अक्षर द्या. पाच मिनिटांचं काम. लिनक्सवर 'एलएसबीएलके' ही एक आज्ञा दिली की हेच चित्र समोर येतं.

पण इथंच मला वाचकाचा हात धरून थांबवायचा आहे. बसवलेली डिस्क मशीनला नवी असते. तिच्यात मात्र जुनं काही असू शकतं. भावाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलेली, ऑफिसातून आणलेली, मॅकवर वापरलेली. विंडोजला मॅकची किंवा लिनक्सची फाइल-पद्धत कळत नाही. ती डिस्क जोडली की विंडोज तत्परतेनं विचारतं: फॉरमॅट करायची का? नाहीतर डिस्क मॅनेजमेंट उघडताच इनिशियलाइज करण्याची चौकट समोर येते आणि तिच्यात 'ओके' आधीच निवडलेलं असतं. विंडोजच्या दृष्टीनं हा साधा प्रश्न आहे, कारण त्याला समोर काहीच दिसत नाही. घरातल्या लग्नाचे फोटो, दुकानाचे टॅलीतले हिशेब, कुणाचा अर्धा झालेला प्रबंध त्या एका क्लिकमागे असू शकतो. डिस्क एकदाही वापरलेली असण्याची शक्यता असेल तर दोन्ही चौकटी रद्द कराव्यात आणि डिस्क ज्या पद्धतीच्या मशीनवर भरली गेली तशाच मशीनवर आधी उघडून बघावी. 'आधी फॉरमॅट मारून बघू, दिसते का' हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण इतका महाग सल्ला या धंद्यात दुसरा नाही.

मराठी छपाईच्या जगात हा धोका विशेष आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं आपल्याकडची पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवल्या गेल्या. डीटीपीवाल्यांकडं त्या फायली आयडीईच्या जुन्या डिस्कांवर पडून आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची ठरली की ती डिस्क शोधून एखाद्या मशीनला लावली जाते, आणि ती दिसत नाही. कारण बहुधा साधं असतं: 40 पिनांच्या जोडणीशेजारचा जंपर. एका केबलवर दोन डिस्क असतील तर एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह म्हणून बसवावं लागतं. दोघी मास्टर झाल्या तर दोघीही अडतात. जंपरचं चित्र डिस्कच्या लेबलवरच छापलेलं असतं. पुस्तकात या जुन्या प्रकाराला वेगळं प्रकरण दिलं आहे. काही मित्रांनी ते वगळायला सुचवलं होतं. मी ठेवलं, कारण ज्या मजकुराची दुसरी प्रत कुठंच नाही तो आज अशा डिस्कांवर आहे.

उरलेली कारणं थोडक्यात. जुन्या डिस्कची नक्कल नव्या एसएसडीवर करून दोन्ही जोडून ठेवल्या, तर दोघींची डिजिटल सही एकच निघते आणि विंडोज एकीला 'ऑफलाइन' करून ठेवतं. ऑफिसात एखादं अक्षर नेटवर्कवरच्या फोल्डरनं आधीच घेतलेलं असतं. नव्या डिस्कला तेच मिळालं तर ती झाकली जाते, अक्षर बदलून द्यावं. लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी कॅडी बसवणाऱ्यांनी आधी तिची जाडी मोजावी, 9.5 की 12.7 मिलिमीटर. यूएसबीची अडीच इंची डिस्क टिकटिक करून थांबत असेल तर पोर्टची ताकद बघावी. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. मोटर उठताना काही डिस्कना याहून जास्त लागतं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला आखूड केबलनं लावली तर अशा कित्येक डिस्क चालतात.

डिस्क खरोखर खराब असतेच. नवी डिस्कही. 2009 च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा 7200.11 मालिकेतल्या काही डिस्क फर्मवेअरच्या दोषामुळं मशीन सुरू करताना बायोसला दिसेनाशा झाल्या. चकतीवरचा डेटा जसाच्या तसा होता, पण डिस्क उत्तरच देत नव्हती. कंपनीनं दोष मान्य करून सुधारित फर्मवेअर दिलं. तो दोष प्रोग्रामचा होता. यांत्रिक दोषाची खूण वेगळी: ठरावीक लयीत येणारा टक्-टक् आवाज, म्हणजे हेड आपली जागा शोधतोय आणि त्याला ती सापडत नाहीये. तेव्हा वीज पुन्हा पुन्हा देऊन बघू नये. झाकण तर उघडूच नये. फिरत्या चकतीवर हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतो आणि घरातल्या हवेतला धुळीचा कणही त्याच्या मानानं डोंगराएवढा असतो. फ्रिजमध्ये ठेवण्याचे, टेबलावर आपटण्याचे जे उपाय ऐकायला मिळतात त्यांना या पुस्तकात जागा दिलेली नाही. आत डेटा असेल तर ती डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या माणसांकडं न्यावी, आणि नेण्याआधी खर्चाचा आकडा लेखी घ्यावा.

नव्या डिस्कच्या बाबतीत मात्र भांडण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो वापरावा. बसवण्याआधी लेबलचा, सिरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या केबलनं, बायोसमध्येही डिस्क दिसली नाही, हे तीन शब्दांत सांगता आलं की दुकानदाराचा सूर बदलतो. रिप्लेसमेंटचे दिवस संपायच्या आत जावं, कारण त्यानंतर डिस्क कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमार्फत बदलून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात.

पुस्तकाची मांडणी वर सांगितलेल्या टप्प्यांनीच केली आहे: वीज, केबल आणि पोर्ट, बायोस, ड्रायव्हर, पार्टिशन, फाइल-पद्धत, अक्षर. सर्व्हरवरच्या रेडची दुरुस्ती इथं नाही. तिथं चुकीच्या क्रमानं लावलेली एक डिस्क बाकीच्या सगळ्यांना घेऊन बुडू शकते, तिला स्वतंत्र पुस्तक हवं. सुरुवातीपासून वाचलं तर उत्तमच. पण ज्यांचं कॅबिनेट आत्ता उघडं आहे त्यांनी आधी बायोसचं तिसरं प्रकरण काढावं. तिथं डिस्कचं नाव दिसलं तर पुढं चौथ्याकडं जावं, नाही दिसलं तर मागं पहिल्याकडं.